खोक्यातली गाडी

परीक्षेला अकरा दिवस उरले असताना माझ्या रूम पार्टनरचा उजवा हात मोडला. आमची स्कूटर घसरली आणि तो पडला, एवढंच हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. स्कूटर का घसरली हे मी आजवर त्याच्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. ते या लेखात सांगणार आहे. पण आधी एका माणसाची ओळख करून देतो, कारण त्याची गोष्ट वाचली नसती तर माझी गोष्ट लिहायचं धाडस मला झालंच नसतं.

हात प्लॅस्टरमध्ये, अभ्यासाची बोंब, म्हणून एका रात्री आम्ही लॅपटॉपवर 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा 2019 चा सिनेमा लावला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. त्यात शेवटी 1966 सालची ल मां इथली चोवीस तासांची शर्यत आहे. केन माइल्स सर्वांत पुढे असतो, फोटो चांगला यावा म्हणून त्याला वेग कमी करायला लावतात, फोर्डच्या तीन गाड्या एकत्र येतात आणि पहिला नंबर भलत्याच गाडीला मिळतो. दोन गाड्या बरोबरीनं आल्या तरी दुसरी गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे तिनं तेवढं अंतर जास्त कापलं, असा तो निर्णय होता. पार्टनरनं विचारलं, की हा फुकट जिंकलेला माणूस कोण? मला काही सांगता आलं नाही. शोधलं तर त्या गाडीच्या दोन ड्रायव्हरांपैकी एकाचं नाव निघालं ब्रूस मॅक्लारेन. दुसरा ख्रिस अॅमन. दोघंही न्यूझीलंडचे.

मॅक्लारेन! फॉर्म्युला वन बघताना आपण ज्या टीमच्या नावानं ओरडतो तोच हा. मला इतके दिवस वाटायचं, की हे एखाद्या मोठ्या कारखान्याचं नाव असेल. ते एका गॅरेजवाल्याच्या मुलाचं नाव आहे, आणि हा मुलगा आपल्यासारखाच इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता. फरक इतकाच की त्यानं डिग्री पूर्ण केली नाही.

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातला. वडील लेस मॅक्लारेन यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं आणि घर गॅरेजच्या वरच. लेस स्वतः तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरलेले. म्हणजे पोराच्या नाकात पाळण्यापासूनच पेट्रोलचा वास!

नऊ वर्षांचा असताना ब्रूस लंगडायला लागला. डॉक्टरांनी निदान केलं पर्थेस रोगाचं. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचं जे गोल डोकं असतं, त्याचा रक्तपुरवठा या रोगात कमी होतो आणि ते हाड मऊ पडत जातं. त्यावर वजन पडलं तर त्याचा आकार बिघडतो. त्या काळी उपाय एकच, पाय हलूच द्यायचा नाही. टाकापुना इथल्या विल्सन होम या मुलांच्या संस्थेत त्याला ठेवण्यात आलं. चाकं लावलेल्या एका चौकटीवर उताणं बांधून घेऊन पडून राहायचं, एक-दोन आठवडे नाही, तर दोन-तीन वर्षं. सुटून आला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला होता. ते लंगडणं त्याच्याबरोबर जन्मभर राहिलं.

विचार करा, ज्या वयात आपण गल्लीत क्रिकेट खेळत होतो त्या वयात हा मुलगा छताकडे बघत होता. रग्बीच्या देशात त्याला रग्बी खेळता येणार नव्हती. आणि नेमक्या त्याच सुमारास वडिलांनी घरी एक गाडी आणली. गाडी म्हणजे काय, गाडीचे तुकडे! 1929 ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर, सुटी केलेली, काही भाग खोक्यांत भरलेले. लेस यांचा विचार होता की जोडायची, रंगवायची आणि चार पैसे मिळवून विकून टाकायची. ब्रूसनं हट्ट धरला की विकायची नाही, ही मला ठेवा.

ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडची सामान्य माणसाची गाडी. 1922 मध्ये आली आणि 1939 पर्यंत बनत राहिली. चार सिलिंडरचं इंजिन, पण मापात जेमतेम 747 सीसी, म्हणजे आज आपल्याकडच्या काही मोटरसायकली त्याहून मोठ्या आहेत. चासी इंग्रजी 'ए' अक्षरासारखी, पुढे दोन्ही पट्ट्या एकत्र येणारी. ब्रेक केबलवर चालणारे आणि त्यांच्या ढिलाईबद्दल बदनाम. अल्स्टर हे याच गाडीचं शर्यतीचं भावंड. साध्या ऑस्टिनमध्ये क्रँकशाफ्टला तेल नुसतं फवारलं जायचं, अल्स्टरमध्ये ते दाबानं पोचवायची सोय होती, कारण जास्त आरपीएमला फवाऱ्यावर भागत नाही.

मेकॅनिकलच्या पोरांना सांगायला नको, की अशी गाडी म्हणजे चालतं-फिरतं पाठ्यपुस्तक. हे इंजिन साइड व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी बसतात आणि वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक झाकण. नट काढले की हेड हातात. मग व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासायचे, कार्बन खरवडायचा, पिस्टन रिंगची फट मोजायची, गास्केट नवं टाकायचं. कम्प्रेशन वाढवायचं तर हेडच्या आतल्या पोकळीचा आकार बदलायचा. यातलं काहीही महागड्या मशीनवाचून करता येतं, पण एकही गोष्ट घाईत करता येत नाही. खोक्यातून आलेल्या गाडीचा आणखी एक धडा असतो. कुठला बोल्ट कुठला हे कुणी सांगत नाही. प्रत्येक तुकडा हातात घेऊन विचारावं लागतं, की बाबा रे, तू कशासाठी आहेस?

बाप-लेकांनी मिळून ती गाडी उभी केली. 1952 साली, पंधराव्या वर्षाच्या आसपास, ब्रूस ती घेऊन ऑकलंडजवळच्या मुरिवाई इथल्या घाटचढणीच्या शर्यतीत उतरला आणि 750 सीसीच्या गटात पहिला आला. एक पाय आखूड असलेला, अजून मिसरूड न फुटलेला पोरगा! मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला खरा निकाल त्या दिवशी लागला. पळता येत नव्हतं तिथं स्वतः जुळवलेल्या गाडीनं त्याला पळवलं होतं.

पुढे तो ऑकलंड विद्यापीठात इंजिनीअरिंगला गेला. त्या काळी हे इंजिनीअरिंग स्कूल शहराबाहेर आर्डमोरच्या जुन्या विमानतळाच्या आवारात भरायचं. गंमत म्हणजे न्यूझीलंड ग्रां प्री ही शर्यतसुद्धा त्याच विमानतळाच्या धावपट्टीवर व्हायची. कॉलेजच्या दारातच शर्यत! अशा ठिकाणी अटेंडन्स किती राहत असेल याची कल्पना तुम्हीच करा. ऑस्टिननंतर फोर्ड, मग ऑस्टिन-हीली, मग कूपर अशा गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम शर्यतीसाठी ऑकलंडला आला की मॅक्लारेनांकडे उतरायचा. 1958 मध्ये न्यूझीलंडच्या ग्रां प्री संघटनेनं होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवायची योजना सुरू केली आणि पहिला मान मिळाला ब्रूसला. डिग्री अर्धवट ठेवून तो निघाला.

(इथं प्राध्यापकांनी घाबरू नये. मी कुणालाही कॉलेज सोडायला सांगत नाहीये. त्याच्याकडे ऑस्टिन होती, आपल्याकडे अजून जर्नलसुद्धा पूर्ण नाही!)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत न्यूर्बर्गरिंगला, कमी ताकदीची फॉर्म्युला टू गाडी घेऊन, तो सगळ्यांत मिळून पाचवा आला आणि आपल्या गटात पहिला. 12 डिसेंबर 1959 ला अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं आणि ब्रूस जिंकला. वय 22 वर्षं. ब्रॅबहॅमनं आपली गाडी ढकलत ढकलत रेषेपलीकडे नेली आणि चौथा येऊन जगज्जेता झाला. इंडियानापोलिसची शर्यत वगळली तर सर्वांत तरुण ग्रां प्री विजेता हा ब्रूसचा विक्रम 2003 मध्ये फर्नांडो अलॉन्सोनं मोडेपर्यंत टिकला. 1960 च्या जागतिक अजिंक्यपदात ब्रूस दुसरा आला.

बहुतेक ड्रायव्हर इथं खूश झाले असते. पण ज्यानं एकदा खोक्यातून गाडी काढली त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसून चैन कशी पडणार? 1963 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचं वर्कशॉप लंडनजवळ न्यू माल्डनला. मातीच्या जमिनीची शेड, आणि त्या शेडमध्ये रस्ते सपाट करायचं एक ग्रेडर मशीनही उभं. आपल्या कॉलेजचं वर्कशॉप त्यापुढे राजवाडा म्हणायला हवं. तिथं त्यानं 'झेरेक्स स्पेशल' नावाची जुनी शर्यतीची गाडी घेतली, तिची चौकट दुरुस्त करून मजबूत केली आणि तिच्यात अमेरिकन ओल्ड्समोबिलचं अॅल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन बसवलं. पुन्हा तेच, जुनी गाडी, मोकळी करा, समजून घ्या, नव्यानं जुळवा.

त्याच्या डोक्याची तऱ्हा दाखवणारा एक प्रसंग आहे. टेस्टिंग चालू असताना त्याला दिसलं, की पेट्रोल भरायच्या जागेवरचं छोटं झाकण फडफडतंय. आधी त्याला राग आला, की झाकण नीट का लावलं नाही. पण वेग वाढला तशी फडफड वाढली, आणि तिथं त्याची ट्यूब पेटली. वरून येणाऱ्या वाऱ्यानं झाकण दाबलं जायला हवं होतं. ते उचललं जातंय, म्हणजे खालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त आहे. पिटमध्ये येऊन त्यानं पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा कापून टाकला. कोंडलेल्या हवेला वाट मिळाली आणि लॅप टाइम सुधारला. पुढे मॅक्लारेनच्या गाड्यांच्या नाकावर ज्या नाकपुड्या दिसतात त्यांचा उगम हा. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बर्नुलीचं समीकरण पाठ करतो. त्यानं ते एका फडफडणाऱ्या झाकणात वाचलं.

साठच्या दशकात अमेरिकेत 'मसल कार'चं वेड होतं. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य व्ही-एट इंजिन कोंबायचं आणि सरळ रस्त्यावर सुसाट सोडायचं. त्या इंजिनांचे सख्खे भाऊ अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अॅम शर्यतीत धावायचे, तिथं इंजिनाच्या आकारावर बंधनच नव्हतं. ब्रूसच्या टीमनं 1968 पासून शेव्हरोलेटचं 427 घनइंची, म्हणजे सात लिटरचं अॅल्युमिनियम इंजिन वापरलं. ताकद सहाशे अश्वशक्तीच्या वर. याच कॅन-अॅमच्या इंजिनातून झेडएल-1 हे इंजिन आलं आणि 1969 मध्ये ते फक्त 69 कॅमेरो गाड्यांत बसवलं गेलं. घरी बसून मसल कार दुरुस्त करणाऱ्या अमेरिकन लोकांच्या दृष्टीनं ही गाडी म्हणजे कोहिनूर! 747 सीसीपासून निघालेला पोरगा 7000 सीसीपर्यंत आला होता. 1967 आणि 1969 चं कॅन-अॅम अजिंक्यपद ब्रूसचं, मधलं 1968 चं त्याच्याच टीममधल्या डेनी हल्मचं. 1969 मध्ये अकराच्या अकरा शर्यती या टीमनं जिंकल्या, सहा ब्रूसनं आणि पाच हल्मनं.

फॉर्म्युला वनमध्येही 9 जून 1968 ला बेल्जियममध्ये स्पा इथं त्याच्या स्वतःच्या नावाच्या गाडीनं पहिला विजय मिळवला, आणि चालवत होता तो स्वतः. शेवटी शेवटी पुढे असलेल्या जॅकी स्टुअर्टला पेट्रोलसाठी थांबावं लागलं. आपण जिंकलोय हे ब्रूसला शर्यत संपल्यावर कळलं! सेब्रिंग असो, ल मां असो की स्पा, लोक म्हणतील नशीबवान. आम्हीही त्या रात्री तेच म्हणालो होतो. पण दुसऱ्याचं पेट्रोल संपतं तेव्हा आपली गाडी धडधाकट चालू असावी लागते, आणि ती तशी असणं हे नशिबाचं काम नाही, पान्याचं काम आहे.

आता जड भाग. 2 जून 1970. इंग्लंडमध्ये गुडवुडच्या ट्रॅकवर ब्रूस नव्या हंगामाची कॅन-अॅम गाडी, एम-8-डी, तपासत होता. त्या वर्षी उंच खांबांवरच्या विंगवर बंदी आली होती, म्हणून या गाडीची विंग मागच्या बॉडीवरच्या दोन परांमध्ये बसवलेली होती. सरळ रस्त्यावर प्रचंड वेगात असताना मागची बॉडी सुटून उडाली. तिच्याबरोबर विंग गेली, विंगबरोबर मागच्या चाकांना रस्त्यावर दाबून धरणारा जोर गेला. गाडी फिरली आणि ट्रॅकच्या कडेच्या, वापरात नसलेल्या मार्शलच्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय 32. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी.

इंजिन फुटलं नव्हतं, गिअरबॉक्स फसला नव्हता. जी बॉडी टेस्टिंगच्या दिवशी कितीदा तरी काढायची आणि लावायची, ती जागेवर राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी टीमच्या लोकांना सुट्टी दिली होती. तरी सगळे कामावर आले. बारा दिवसांनी, 14 जूनला, कॅनडात मोस्पोर्टला हंगामाची पहिली शर्यत होती. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी बसला आणि त्यानं ती जिंकली. आधीच्या महिन्यात इंडियानापोलिसला आगीत हात भाजलेला डेनी हल्म तशाच हातांनी गाडी चालवत होता, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद त्यानं टीमला मिळवून दिलं. 1974 मध्ये एमर्सन फिटिपाल्डीनं मॅक्लारेनमधून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद जिंकलं. 26 वर्षांच्या खंडानंतर 2024 मध्ये टीमनं पुन्हा कन्स्ट्रक्टर्सचं अजिंक्यपद मिळवलं. ब्रूसला स्वतःची रस्त्यावरची गाडीही बनवायची होती. एम-6-जीटी नावाचा तिचा नमुना तो स्वतः रोज वापरायचा. ते स्वप्न 1992 मध्ये 'मॅक्लारेन एफ-1' च्या रूपानं दुसऱ्यांनी पूर्ण केलं. आणि ती खोक्यातून जुळवलेली छोटी ऑस्टिन? इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅक्लारेनचं जे चकचकीत मुख्यालय उभं राहिलं, तिथं सगळ्या विजेत्या गाड्यांच्या रांगेत तीही मानानं मांडली गेली.

आता माझी अर्धी गोष्ट.

ती स्कूटर माझ्या वडिलांची. गावी गोठ्यात पाच वर्षं पडून होती. मी ती सुटी करून दोन पोत्यांत भरून एसटीनं आणली आणि हॉस्टेलच्या मागच्या शेडमध्ये महिनाभर जुळवत बसलो. कार्बोरेटर साफ केला, क्लच प्लेट बदलल्या, मागचं ड्रम उतरवून ब्रेक लायनर टाकले. ज्या दिवशी ती पहिल्या किकला सुरू झाली, त्या दिवशी अख्खा मजला खाली आला होता. त्या आनंदात ताटलीत उरलेल्या दोन-तीन वस्तूंकडे मी पाहिलं आणि म्हटलं, चालतंय! त्यातली एक होती स्प्लिट पिन. मागच्या ड्रमचा मोठा नट फिरून ढिला होऊ नये म्हणून त्यात घालायची पिन. किंमत सांगायलाही लाज वाटेल इतकी.

चौथ्या दिवशी मेसकडून परत येताना उतारावर मागचं चाक डुलायला लागलं. मला खरचटलं. मागे बसलेल्या पार्टनरनं हात टेकवला आणि मनगट गेलं. रस्त्यावर वाळू होती असं मी सगळ्यांना सांगितलं. वाळू होतीही, पण थोडी. पार्टनरनं सगळे पेपर रायटर घेऊन दिले. मशीन ड्रॉइंगचा पेपर दुसऱ्याच्या हातानं देणं म्हणजे काय, ते त्याला विचारा.

गुडवुडबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपली तुलना कुणाशी करतोय याची मला लाज वाटत होती, तरी ती होतच होती. सकाळी मी पार्टनरला पिन दाखवली आणि खरं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, की परत कधी खोलायची? आम्ही ती पुन्हा खोलली. या वेळी प्रत्येक नटावर घट्ट केल्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, एक वही केली, आणि डाव्या हातानं टिक करायचं काम त्याला दिलं. ताटलीत काही उरलं नाही.

मित्रांनो, वर्कशॉपच्या तासाला आपण जॉब दुसऱ्याचा दाखवतो, रीडिंग मागच्या बॅचची उतरवतो आणि सही मिळाली की चालतंय म्हणतो. आपण बनवलेल्या गोष्टीवर उद्या कुणीतरी बसणार आहे, आणि बहुतेक वेळा तो आपल्या मागेच बसलेला असणार आहे. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना माझं सांगणं एवढंच आहे. घरी गेलात की अडगळीतलं एखादं जुनं धूड शोधा, वडिलांना विकू देऊ नका, जरूर खोला आणि जुळवा. आणि किक मारायच्या आधी ताटलीत बघा.